बशीतील स्पंदन आणि कर्तेपणा

सद्भक्तहो, प्रयोगशाळेतील बशीत मानवी हृदयाच्या पेशी आपोआप धडधडतात. मग मनुष्याने प्राण निर्माण केला काय?

१९९८ साली अमेरिकेत जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातून मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, मिळवल्या. त्यासाठी भ्रूण नष्ट करावा लागला. एकाच्या आयुष्यासाठी दुसऱ्याचा आरंभ मोडावा काय, हा पेच पडला. २००६ साली क्योटो येथे शिन्या यामानाका यांनी उंदराच्या साध्या पेशींत ४ जनुके घालून त्यांना मूळपेशींची अवस्था दिली. पुढच्या वर्षी मानवी त्वचापेशींतही ते साधले. पेच पुष्कळसा सुटला.

या पेशींतील 'डब्ल्यूएनटी' नामक संकेत आधी वाढवून मग वेळेवर रोखला, की सुमारे दोन आठवड्यांत त्या स्पंदू लागतात. शास्त्रज्ञ धडधड बाहेरून घालीत नाही. पेशीत दडलेल्या शक्तीला वाट देतो. शेतकरी अंकुर ओढून काढतो काय? तो पाणी देतो.

म्हणून कर्तेपणाचा गर्व नको. २०१४ साली माकडांच्या हृदयात अशा पेशी सोडल्या, तेव्हा ठोक्यांची लय बिघडली. रोग्याच्या आशेवर घाई लादणे पाप आहे. धीराने शोधणे हे कायक. सापडलेले गरिबाच्याही उशाशी पोचवणे हा दासोह.