पुढील पान

लांब लेख सलग द्यावा की पाच पानांत तोडावा, हा प्रश्न दिसायला तांत्रिक आहे. मला तो नैतिक वाटतो, कारण तोडण्यामागचे हेतू वेगवेगळे असले तरी स्क्रीनवर सगळे सारखेच दिसतात.

गुरुचरित्राचं सप्ताह-पारायण करणाऱ्याला रोज कुठल्या अध्यायाशी थांबायचं हे ठरवून दिलेलं असतं. तो थांबा वाचणाऱ्याच्या दमासाठी असतो. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः आली. अंक खपावा हाही हेतू असणारच (साप्ताहिक काही हवेवर चालत नाही), पण पुढचा भाग अजून छापलेलाच नसायचा. वाट पाहणं खरं होतं.

वेबवर अख्खा लेख तयार असतो, तरी हातचा राखून दिला जातो. ‘पुढील पान’ दाबलं की जाहिराती नव्याने लागतात आणि एक वाचक मोजणीत पाच पेज व्ह्यू होतो. घाटात एसटीत बसलेल्याची रेंज गेली की तिसरं पान उघडतच नाही.

त्याच जाहिरातींतून लेखकाचं मानधन निघतं, हे मान्य. फुकट वाचणाऱ्याने किती कुरकुर करावी? मजकुराशेजारी जाहिरात दिसली तर माझी काहीच तक्रार नाही. तो उघड सौदा आहे. पण मोजणी वाढावी म्हणून मुद्दा अर्ध्यात तोडणं म्हणजे लेखकाचंच वाक्य गळाला लावणं.

त्याहून मोठं नुकसान वेगळंच आहे. चौथ्या पानावर लेखक जे म्हणतो ते दुसऱ्या पानावरच्याशी जुळतं का, हे बघायला मागे जावं लागतं. सलग लेखात बोट वर सरकवलं की झालं, शब्द शोधताही येतो. तुकड्यांत कोण एवढा खटाटोप करणार? लेखकाला पकडायची सोयच जाते, आणि वैचारिक लेख वाचण्यातली निम्मी मजा तीच.

सलग पान मात्र आपोआप प्रामाणिक होत नाही. लेख संपतो न संपतो तोच खाली दुसरा सुरू होतो, तिथे तर शेवटच चोरलेला असतो. आणि ढीगभर फोटोंचा लेख जुन्या फोनवर तोडून देणं ही खरंच सोय आहे.

माझ्या हातात असतं तर लेख सलग ठेवला असता, वरच ‘वीस मिनिटं लागतील’ असं लिहून. तोडावाच लागला, तर प्रकरण संपेल तिथे, आणि पहिल्याच पानावर ‘सलग वाचा’ असं बटण, ‘पुढील पान’एवढ्याच मोठ्या अक्षरात.