टांकसाळीची चूक की वाटेवरचा घाव?

मुंबईच्या फोर्ट भागातील सरकारी टांकसाळीत घडलेल्या नाण्यावर सालाखाली चौकटच्या आकाराची एक बारीक खूण असते. गोराई खाडीच्या तरीवर तिकिटासाठी सुटे पैसे मोजताना ती आपल्या बोटांखालून जाते, पण आपण पाहत नाही. नाणीसंग्राहक मात्र भिंग लावून पाहतो. सदोष नाणे हाती आले की त्याचा पहिला प्रश्न असतो: हा दोष टांकसाळीतला, की बाहेर पडल्यावर पदरी आलेला? पहिला असेल, तर त्याला सहसा जास्तीचे मोल येते. दुसरा असेल, तर नाणे केवळ खराब झालेले.

ओळखण्याची रीत मोठी बोलकी आहे. छाप उठवणाऱ्या पोलादी ठशाला तडा गेला असेल, तर दाबाखाली धातू त्या भेगेत चढतो आणि नाण्यावर उंच रेघ उमटते. मागाहूनचा ओरखडा मात्र खोल जातो, आणि त्याच्या काठाशी धातू उचकटलेला दिसतो. कोरी चकतीच मुळात अर्धवट कापली गेली असेल, तर कापाजवळची अक्षरे फिकी होत जातात आणि बरेचदा नेमकी समोरची कडही नीट उठत नाही. नंतर कानस लावली असेल, तर अक्षरे धारेवर सपकन तुटतात. कधी एखादे नाणे ठशालाच चिकटून राहते. मग पुढच्या चकतीवर त्याची छाप उलटी व खोलगट उमटते. अशा नाण्यांना संग्राहक ‘लाखी’ म्हणतात. लबाड लोक दोन नाणी वाइसमध्ये आवळून तसलीही बनवतात. पण त्या जुलमात मूळची छाप चेपते, आणि भिंगाखाली ते लपत नाही.

माणसे पारखताना आपण इतकी तसदी घेत नाही. ‘दारू त्याच्या रक्तातच आहे’, ‘ते घराणेच तुसडे’ असे म्हणून आपण घावाला टांकसाळीची चूक ठरवतो. मग घाव कोणी केला हे विचारायला नको, आणि त्यावर औषधही शोधायला नको. याउलट एखादे मूल जन्मतः गतिमंद निघाले, की शेजारपाजार आईवडिलांच्या पापाचा हिशेब मांडतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांध माणसाविषयी हेच विचारले होते: पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले.

मग आदिपापाचे काय? ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४६ साली सांगितले, की ते अनुकरणाने नव्हे, वंशपरंपरेने येते. म्हणजे तडा ठशातच आहे, असे कोणी म्हणेल. म्हणो बापडा. पण तो ठसा घडवणाऱ्याच्या हातून तडकलेला निघाला नव्हता. आणि बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला आपल्या प्रत्येक ओरखड्यासाठी आदामाकडे बोट दाखवता येत नाही.

शिवाय ही उपमा एका जागी लंगडते, आणि ती जागा मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नाण्यातील चूक ओळखता येते, कारण एकाच घडणीची हजारो नाणी समोर असतात. बिनचूक नमुना हाती असतो. माणसांच्या बाबतीत तो नमुना कोठे आहे? देव दोन माणसे एका ठशात घडवीत नाही. अधू पायाने जन्मलेल्या मुलाला जो देवाची चूक म्हणतो, त्याने सांगावे: कोणत्या नाण्याशी ताडून? संत ऑगस्टीन यांनीही माणसाला देवाचे नाणे म्हटले आहे. पण ते बोलले झिजलेल्या छापेविषयी, आणि ती पुन्हा उमटवू शकणाऱ्याविषयी.

राहिले घाव. ते शोधायचे तर भिंग आधी स्वतःवर धरावे लागते, आणि ते जड जाते. बोलायला येणारे पुष्कळ जण सुरुवातच अशी करतात: ‘फादर, माझा स्वभावच रागीट, जन्मापासूनचा.’ मी एवढेच विचारतो, ‘जन्मापासूनचा? नीट आठवून पाहा, केव्हापासून?’ थोडा वेळ जातो. मग बहुतेकांना साल सांगता येते.