पट्टीने ओढलेला अंदाज

उभे राहा चौघंही. हा अहवाल तुमचाच ना? ‘इलेक्ट्रॉनिक व ऑप्टिकल नेटवर्क स्विचिंग : बाजारपेठेचा वेध’. मुखपृष्ठ गुळगुळीत, आत रंगीत आलेख आणि साऱ्याचं सार काय, तर दरवर्षी अमुक टक्के वाढ होणार आणि ऑप्टिकल स्विच इलेक्ट्रॉनिक स्विचला हद्दपार करणार. कशाच्या जोरावर? मागच्या दोन वर्षांचे आकडे जोडले आणि पट्टी कागदाच्या कडेपर्यंत सरकवली. पी हळद अन् हो गोरी!

आधी मला सांगा, तुमचा हा ऑप्टिकल स्विच माहितीच्या पॅकेटवरचा पत्ता वाचतो का? खाली काय बघताय, फरशीवर उत्तर लिहिलेलं नाही. नाही वाचत. कल्याणला रुळांचा सांधा गाडी कर्जतकडे वळवतो नाहीतर कसाऱ्याकडे. डब्यात कोण बसलंय, कुठे उतरणार, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. सूक्ष्म आरशांचा स्विचही काचेच्या एका तंतूतला प्रकाश दुसऱ्या तंतूत वळवतो, बस्स. पत्ता वाचायचा, गर्दी झाली की पॅकेट थोपवून धरायचं, तर मेमरी लागते, आणि प्रकाश हवा तेवढा वेळ साठवून ठेवील अशी वापरण्याजोगी मेमरी आज बाजारात नाही. गणितही करून बघा. ४०० गिगाबिटच्या लिंकवर १५०० बाइटचं पॅकेट ३० नॅनोसेकंदांत निघून जातं. आरसा वळून स्थिरावायला मिलिसेकंद लागतात. दहाच मिलिसेकंद धरा, तेवढ्यात तीन लाखांवर पॅकेटं पुढे गेलेली असतात. एवढा भागाकार तुमच्यापैकी एकालाही सुचला नाही?

आणि तुमची ही घोषणा नवीन आहे असं समजू नका. तुमच्या जन्माआधी मोठमोठ्या लोकांची ती देऊन झाली आहे, तीही अशाच एका आकड्याच्या जोरावर. इंटरनेटवरची वाहतूक दर शंभर दिवसांनी दुप्पट होते, असं तेव्हा जो तो म्हणायचा. म्हणजे वर्षाला बारापट! अँड्र्यू ओडलिझ्को नावाच्या गणितज्ञाने आकडे तपासले, तेव्हा ती वर्षाला साधारण दुप्पट होत असल्याचं दिसलं. पण ऐकतो कोण? मार्च २००० मध्ये नॉर्टेल या दूरसंचार कंपनीने एक्सरॉस ही आरशांचे स्विच बनवणारी नवखी कंपनी सव्वातीन अब्ज डॉलरच्या शेअर्सच्या बदल्यात घेतली. लुसेंट या दुसऱ्या दूरसंचार कंपनीने २५६ मार्गांचा लॅम्डाराउटर हा असाच स्विच आणला आणि २००२ मध्ये गुंडाळला. यंत्रं चालत नव्हती म्हणून नव्हे. एकाच तंतूतून कितीतरी रंगांचे प्रकाश पाठवता येऊ लागले, तंतू गरजेपेक्षा कितीतरी जास्त पुरले गेले आणि एवढे मोठे स्विच घ्यायला गिऱ्हाईकच उरलं नाही. तुमच्या अहवालात यावर एक ओळ नाही. इतिहास कला शाखेच्या मुलांनी वाचायचा, असं वाटतं का तुम्हाला?

आता मागच्या बाकावरून कुणीतरी ‘पण मॅडम, गूगल?’ असं पुटपुटलं. मोठ्याने बोल. प्रश्न बरोबर आहे, फक्त तू तो अर्धाच वाचला आहेस. गूगलने ज्युपिटर या आपल्या डेटा सेंटरच्या जाळ्यातला सगळ्यात वरचा इलेक्ट्रॉनिक थर काढला आणि तिथे १३६ मार्गांचे ऑप्टिकल स्विच बसवले. २०२२ मध्ये त्यांनी ते जाहीरपणे मांडलं. टीपीयू व्ही ४ या गूगलच्याच एआय चिपच्या महासंगणकात ४०९६ चिप्स ४८ ऑप्टिकल स्विचनी जोडल्या आहेत, आणि त्या सगळ्या ऑप्टिकल सामग्रीचा खर्च एकूण खर्चाच्या पाच टक्क्यांहून कमी, वीज तीन टक्क्यांहून कमी. आरशाला वेगाचं सोयरसुतक नाही. १०० गिगाबिट गेलं, ४०० आलं, तरी स्विच तोच. हा खरा फायदा. पण ज्युपिटरच्या खालच्या थरांत पॅकेटं वाचायला कोण बसलंय? इलेक्ट्रॉनिक स्विचच! कुठला थर कुणी राखला, हे सांगायचं सोडून तुम्ही कुस्तीचा निकाल लावून मोकळे.

शिवाय गूगलने हे स्विच स्वतःच घडवले. ते तुमच्या विक्रीच्या तक्त्यात कुठे दिसतात? असल्या मालाची मोठी गिऱ्हाईकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यातल्या एकाने रचना बदलली की तुमची रेघ कोसळली.

इलेक्ट्रॉनिक बाजूही हातावर हात ठेवून बसलेली नाही. ब्रॉडकॉमची टॉमहॉक ५ ही स्विचची चिप २०२२ ची, ५१.२ टेराबिटची. टॉमहॉक ६ ही २०२५ ची, १०२.४ टेराबिटची. तीन वर्षांत एका चिपची क्षमता दुप्पट! २०२५ मध्येच एनव्हिडियाने चिपच्या अगदी शेजारी प्रकाशाचे भाग बसवलेले स्विच जाहीर केले आणि तुम्ही ते खुशाल ‘ऑप्टिकल’च्या रकान्यात टाकलेत. अरे, प्रकाश तिथे दारापर्यंत येतो. वाट ठरवतं ते सिलिकॉनच. इथे तर तुमची बेरीजच चुकली, मग पुढचे टक्के कुठल्या तोंडाने सांगता?

सोमवारी हा अहवाल नव्याने लिहून आणायचा. कुठल्या थरावर काय काम आहे, ते आधी लिहा. एआयच्या प्रशिक्षणातली वाहतूक ठरावीक मार्गांनी, ठरावीक क्रमाने होते, तिथे आरसे चालतील. लाखो लोकांच्या लहरीप्रमाणे उसळणाऱ्या वाहतुकीचं काय, ते वेगळं मांडा. किंमत, वीज, गिऱ्हाईक, तिन्हींचा हिशेब दाखवा. आणि कुठली गोष्ट घडली तर आपला अंदाज खोटा ठरेल, हे शेवटच्या पानावर स्वच्छ अक्षरात लिहा. ते पान कोरं असेल, तर सहीसाठी माझ्या टेबलापाशी येऊ नका.