पूल बंद आहे, हे सांगायचे कुणी?

शहापूरहून मुरबाडला निघाले की थोड्याच वेळात सापगाव येते आणि भातसा नदी आडवी येते. किन्हवली-मुरबाड बाजूचा सारा राबता सापगावच्या पुलावरून. तहसील, कोर्ट, उपजिल्हा रुग्णालय शहापुरात आणि लोकल पकडायची तर आसनगाव. त्यामुळे नदीपलीकडच्या माणसाला पूल टाळून फारसे काही करता येत नाही. जुलै 2021च्या पुरात या पुलावरची वाहतूक बंद झाली, तेव्हा किती गावांचा जीव एका पुलात अडकलेला आहे ते दिसले.

पूर सांगून येत नाही, तशीच वाहतूक बंद पाडणारे रस्त्याचे काम मात्र निविदा काढून, मोजणी करून, वर्क ऑर्डर घेऊन येते. तेव्हा कामाची खबर लोकांना आधी लागायला हवी आणि पुराची उशिरा. भातसेच्या काठी नेमके उलटे आहे. भातसा धरणाचे दरवाजे उघडायची वेळ आली की पाटबंधारे खात्याचा निरोप तहसीलदारांकडे आणि पोलीस ठाण्यात जातो, तिथून तलाठी, पोलीस पाटील असे करत नदीकाठच्या गावांत पोचतो. नदीत उतरू नका, गुरे सोडू नका, पुलावर थांबू नका. ही साखळी जुनी आहे, तिच्यात त्रुटीही असतील. पण निरोप कुणी कुणाला द्यायचा हे ठरलेले आहे. पाण्यासाठी जे ठरले ते रस्त्यासाठी ठरलेले नाही. मुंबईला सर्वाधिक पाणी पुरवणारे धरण ज्या तालुक्यात आहे, त्या तालुक्याला विसर्गाची बातमी मिळते. उद्या मोरीसाठी रस्ता खोदणार आहेत ही बातमी खोदल्यावर मिळते.

कायदा याबाबत अगदीच मुका आहे असे नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 115 खाली वाहतूक बंद करायची किंवा वळवायची तर राजपत्रात अधिसूचना काढावी लागते आणि जागोजागी फलक लावावे लागतात. मात्र बंदी महिन्याभराच्या आतली असेल तर राजपत्राची गरज नाही; परिस्थितीनुसार शक्य असेल तेवढी स्थानिक प्रसिद्धी द्यावी, एवढ्यावर भागते. ग्रामीण भागातल्या कामांचे सारे दुखणे या सवलतीत आहे. मोरी, वळणरस्ता, डांबराचा थर ही कामे तुकड्यातुकड्याने आठ-पंधरा दिवसांची असतात. ‘शक्य असेल तेवढी’ म्हणजे किती, हे ठरवणार तोच, ज्याला ती द्यायची आहे.

जमिनीचा मामला आला की कायदा जास्त काटेकोर होतो. शहापूर-मुरबाड-कर्जत-खोपोली हा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग 548 अ आहे. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, 1956 प्रमाणे भूसंपादनाच्या अधिसूचनेचा सारांश दोन स्थानिक वृत्तपत्रांत, त्यातले एक तरी स्थानिक भाषेतले, छापावा लागतो. हरकतीला 21 दिवस मिळतात. शिवाय शहापूर हा संपूर्ण तालुका अनुसूचित क्षेत्रात. म्हणजे अशा क्षेत्रांतल्या पंचायतींचा ‘पेसा’ कायदा लागू, आणि जमीन घेण्यापूर्वी ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीशी सल्लामसलत आवश्यक. ज्याच्या घरी पेपर येत नाही त्या पाड्यावर वृत्तपत्रातली नोटीस काय कामाची, हा प्रश्न आहेच. तरी इथे निदान विचारायची रीत आहे. मला खटकते ते पुढचे. जमीन घेताना जिला विचारायचे, त्याच ग्रामसभेला जेसीबी येताना कुणी काही सांगत नाही. सातबाऱ्यावर नाव असलेल्याला एकदा नोटीस. त्या रस्त्याने रोज दवाखान्यात, शाळेत, मजुरीला जाणाऱ्याला एकदाही नाही.

शहरात काय होते? अंधेरीचा गोखले पूल 7 नोव्हेंबर 2022 रोजी बंद झाला, तेव्हा बंद होण्याची तारीख आधी जाहीर झाली होती, वाहतूक पोलिसांनी पर्यायी मार्ग दिले होते, वर्तमानपत्रांनी नकाशे छापले होते. पुढे त्या पुलाची आणि त्याला जोडायच्या बर्फीवाला पुलाची उंचीच जुळेना, तेही सगळ्या महाराष्ट्राला कळले आणि त्यावर हसूनही झाले. हसता आले, कारण माहिती होती. मुंबईकरांना माहिती मिळते ती महापालिका फार लोकाभिमुख आहे म्हणून नव्हे. तिथे वाहतूक शाखा आहे, वार्ताहर आहेत, गाडीत अडकून तासाभरात बोंब मारणारा मतदार आहे. शहापूर-मुरबाड रस्त्यावर अडकतो तो एसटीतला माणूस, आणि त्याचा वेळ कुणी मोजत नाही.

मग इथे माहिती पोचते कशी? समोरून येणारा जीपवाला हेडलाइट मारतो, काच खाली करतो आणि ओरडतो, “पुढं खोदलाय, माघारी फिर!” कंडक्टर स्टँडवर सांगतो. व्हॉट्सअॅपवर फोटो फिरतो. ही व्यवस्था तत्पर आहे, मी तिला नावे ठेवणार नाही. पण तिला सही नसते आणि मुदतही नसते. मागच्या पावसातला पुलाचा व्हिडिओ या पावसात पुन्हा फिरतो आणि पूल चालू असताना माणसे घरी बसतात. उलट खात्याचा फलक पाहावा. बांबूला बांधलेला फ्लेक्स, मधोमध फाटलेला, मुरमाच्या धुळीने लाल झालेला, ‘काम चालू, रस्ता बंद, गैरसोयीबद्दल क्षमस्व’. कधीपासून, कधीपर्यंत, दुसरा रस्ता कोणता, विचारायचे कुणाला, यातले काही नाही. क्षमा तेवढी आगाऊ मागून ठेवलेली. आणि हा फलक असतो कुठे, तर खोदलेल्या जागेच्या पुढ्यात. कामाच्या जागी वाहतूक कशी हाताळावी यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची एसपी 55 ही मार्गदर्शिका आहे. कामाच्या बऱ्याच आधीपासून टप्प्याटप्प्याने सूचना द्यावी असे ती सांगते. माझे म्हणणे त्याच्याही मागे जाते. मुरबाडच्या स्टँडवर तिकीट काढण्यापूर्वी जे कळत नाही, ते खड्ड्याच्या काठावर कळून उपयोग काय?

नुसत्या फलकावर भिस्त ठेवली की काय होते ते मावळात कुंडमळ्याला दिसले. इंद्रायणीवरचा लोखंडी पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. 15 जून 2025 रोजी, रविवारी, पूल माणसांसह कोसळला आणि चौघे गेले. फलक लावला की आपले सांगून झाले, ही समजूत खात्यांत मुरलेली आहे.

अधिकाऱ्यांची बाजू मी ऐकलेली आहे आणि ती अगदी खोटी नाही. तारीख दिली की लोक ती धरून बसतात. वनखात्याची परवानगी अडते, मोबदल्यावरून शेतकरी काम थांबवतात, पाऊस लवकर येतो. मग तारखेवरून मोर्चा यायचा. म्हणून तारीखच द्यायची नाही. पण चुकलेल्या तारखेचा एक गुण असतो: ती चुकल्यावर दुसरी द्यावी लागते आणि पहिली का चुकली ते बोलावे लागते. लोकांना उशीर कळतो. जूनच्या आत मोरी झाली नाही तर सबंध पावसाळा वळणरस्त्यावर काढायचा आहे, हे आधी कळले तर दिवस भरत आलेल्या सुनेला माहेरी कधी पाठवायचे हे घर ठरवू शकते. कळले नाही तर ते ठेकेदाराच्या वेळापत्रकावर ठरते.

यासाठी ॲप नको, डॅशबोर्ड नको. धरणाची साखळी तयार आहे, तीच वापरावी. कार्यकारी अभियंत्याच्या सहीचा एक कागद, त्यावर बंदची तारीख, चालू होण्याची तारीख, पर्यायी रस्ता, रुग्णवाहिकेने कुठून जायचे आणि शाखा अभियंत्याचा मोबाइल नंबर. तो शहापूर आणि मुरबाडच्या एसटी आगारांत, पोलीस पाटलांकडे, आरोग्य केंद्रात, रेशन दुकानावर. पाड्यावर कोतवालाने तोंडी सांगावा.

अडचण एकच आहे. रस्त्याच्या कामात पैसे मिळतात ते मापन पुस्तिकेत चढलेल्या गोष्टीचे. खडी मोजतात, डांबर मोजतात, फलकही नग म्हणून मोजतात. लोकांना सांगितले की नाही हे कुठल्याच रकान्यात नाही. तो रकाना घालावा. सूचना वाजवी मुदतीत मिळाली, अशी रस्त्यावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीची पोच बिलाला जोडलेली नसेल, तर ठेकेदाराचे त्या महिन्याचे बिल लेखा शाखेने परत पाठवावे.