धुवायला कुणाला पाठवलास?

नोकरीतल्या पहिल्या बोनसमधून मी धाराशिवला घरी ज्यूसर पाठवला. साधा नाही, कोल्ड प्रेस. अण्णा नुकतेच रिटायर झाले होते, त्यांना शुगर निघाली होती आणि मी इकडे पुण्यात. रोज फोनवर ‘तब्येतीकडे लक्ष द्या’ म्हणण्यापलीकडे काहीतरी केल्याचं समाधान मला हवं होतं.

तीन आठवड्यांनी आईला विचारलं, “कसा आहे ज्यूसर?” ती म्हणाली, “यंत्र पाठवलास बाळा, धुवायला कुणाला पाठवलास?”

मी हसलो. ती हसली नव्हती, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

खरेदीआधी मी काय कमी अभ्यास केला होता? चार रात्री व्हिडिओ बघितले होते. घरात रस काढायचे साधारण चार मार्ग आहेत. पहिला, हातानं पिळायचं साधन. लिंबूपिळणी किंवा मोसंबीवाल्याकडे असतं तसं दांडा फिरवायचं अॅल्युमिनियमचं यंत्र. दुसरा, मिक्सर आणि गाळणी. तिसरा, जोरात फिरणाऱ्या जाळीचा ज्यूसर. त्याची जाळी मिनिटाला हजारो फेरे घेते, फळ किसून त्यातला रस बाहेर भिरकावते. दोन मिनिटांत पेला भरतो, पण फेस येतो आणि चोथा ओलाच राहतो. चौथा कोल्ड प्रेस. त्यातला जाड स्क्रू मिनिटाला साधारण चाळीस ते ऐंशी फेऱ्यांच्या संथ गतीनं फळ दाबत जातो. रस जास्त निघतो, चोथा कोरडा पडतो, आवाज कमी. किंमत मात्र जाळीवाल्याच्या तीन-चार पट.

जाहिरात म्हणते, वेगवान ज्यूसरमध्ये रस तापतो आणि जीवनसत्त्वं मरतात. खरं तर दोन मिनिटांत रस तेवढा तापत नाही. त्यात हवा जास्त मिसळते, म्हणून तो ठेवून दिला तर लवकर बिघडतो. काढला आणि लगेच प्यायला, तर एवढ्या काळजीचं कारण नाही.

फेरे, वॅट, वॉरंटी, किंमत असे सगळे रकाने मी भरले. एक रकाना कुठल्याच तक्त्यात नव्हता. हे धुणार कोण आणि कुठल्या पाण्यानं? आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही. कोल्ड प्रेसचे पाच-सहा सुटे भाग, बारीक जाळीत अडकलेले धागे, त्यासाठी वेगळा ब्रश. रस प्यायला अण्णांना एक मिनिट, धुवायला आईला वीस. मी पाठवलेली सोय अण्णांपर्यंत पोचली होती. कष्ट आईकडे गेले होते.

तेव्हापासून मला एक प्रश्न सोडत नाही. सोय करून देणं म्हणजे काळजी घेणं का?

‘जुनं ते सोनं’ म्हणून मोकळं व्हायचं नाही मला. पाट्यावर रोज वाटण वाटलेल्या बाईसमोर ते म्हणून दाखवावं कुणी! 1963 साली मुंबईत सत्यप्रकाश माथुर यांनी ‘सुमीत’ मिक्सर आणला, तो आपल्या वाटणाला, डाळ-तांदळाला टिकेल असा. त्या यंत्रानं कितीतरी मनगटं सोडवली. उलट टोकाचं उदाहरण अमेरिकेतलं. ‘ज्यूसेरो’ नावाच्या कंपनीनं 2016 साली 699 डॉलरचं यंत्र काढलं. ते कापलेल्या फळांच्या तयार पिशव्या दाबून रस काढायचं. 2017 मध्ये ब्लूमबर्गच्या पत्रकारांनी दाखवून दिलं, की तीच पिशवी नुसत्या हातानं पिळली तरी जवळजवळ तेवढाच रस निघतो. त्याच वर्षी कंपनी बंद पडली. पहिल्या यंत्राच्या आधी कुणाचे तरी हात दुखत होते. दुसऱ्याच्या आधी कुणाचंच काही दुखत नव्हतं. मी पाठवलेला ज्यूसर कुठल्या बाजूचा? आमच्या घरात रस नव्हता म्हणून कुणाचं अडलं होतं?

नंतर अण्णांचा रिपोर्ट आला. तीन महिन्यांची साखर 7.1 वरून 7.9. डॉक्टर म्हणाले, कारणं अनेक असतील, पण हा रोजचा मोसंबीचा रस आधी थांबवा. अण्णांनी माझी बाजू घेतली, “पोरानं घरचा, बिनसाखरेचा रस प्यावा म्हणून पाठवलंय हो!” ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना फळांच्या रसातली साखरही कमी करायच्या साखरेत मोजतात. अख्ख्या फळातली नाही. हे मला चार रात्रींत सापडलं नव्हतं, कारण मी ते शोधलंच नव्हतं.

एका पेल्याला चार मोसंबी लागायची. अण्णांनी एका बैठकीत चार मोसंबी सोलून खाल्ली असती का? दुसऱ्यालाच कंटाळले असते. सोलायचे, चावायचे, बिया थुंकायचे कष्ट हेच माप होतं. ‘आता पुरे’ हे हात आणि जबडा मिळून सांगायचे. ते माप मी भरपूर पैसे देऊन काढून टाकलं, आणि त्याला प्रेम म्हटलं.

आजी उन्हाळ्यात गावरान आंब्यांचा रस करायची. आंबे मऊ करून हातानं पिळायचे, कोयी आम्हा पोरांना चोखायला. पातेल्यातल्या उरलेल्या कोयी आणि साली ती पाण्यात धुवायची आणि त्या पाण्याला फोडणी देऊन सार करायची. सार! ज्या शब्दाचा अर्थ अर्क, तोच शब्द चोथ्याच्या धुवणाला. काय टाकायचं, काय ठेवायचं हे तिच्याकडे पिळणारा हात ठरवायचा. माझ्या ज्यूसरमध्ये ते जाळी ठरवते.

तुळजापूर रस्त्यावरच्या रसवंतीत बसलं, की सगळं डोळ्यांसमोर असतं. चरकाची घुंगरं वाजतात, ऊस दुमडून पुन्हा आत जातो, बाजूला चिपाडांचा ढीग वाढतो. तरी तिथंही एक गोष्ट दिसत नाही, ऊस तोडणारे हात. आमच्या जिल्ह्यातून भूम, वाशी, कळंबकडची कुटुंबं दरवर्षी बिऱ्हाड घेऊन ऊसतोडीला जातात. गोड पेल्याच्या मागं कुणाचा तरी दिवस पिळलेला असतो. घरातल्या पेल्यामागं कुणाचा, एवढं तरी आपल्याला दिसायला हवं. तेवढं तर एका स्वयंपाकघराइतकं जवळ आहे.

ज्यूसर विकून टाकू म्हटलं, तर आईच नको म्हणाली. गल्लीतल्या एका काकूंच्या तोंडाचं ऑपरेशन झालं होतं, त्यांना महिनाभर चावता येणार नव्हतं. ज्यूसर त्यांच्याकडे गेला. जिथं जबडाच थकलाय तिथं यंत्रानं कष्ट काढून घेणं, ही खरी काळजी. पुढं तो आणखी दोन घरांत फिरला. आईची अट एकच, धुऊन परत करायचा. एका घरातून तो धुऊन आणून द्यायला तिथला कॉलेजातला मुलगा आला, हे तिनं मला फोनवर दोनदा सांगितलं.

अण्णा आता संध्याकाळी ओट्यावर बसून एक मोसंबी सोलतात. अर्धी आईला देतात. मी घरी गेलो, की तिची तिसरी वाटणी होते, आणि साली उचलायचं काम माझ्याकडे येतं.