संधी आणि संधिसाधूपणा

संधी साधणे हा आपण गुण मानतो, आणि संधिसाधूपणा हा दोष. शब्दांची घडण एकच असताना निवाडा निराळा का, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. त्यासाठी मासेमारीची दोन उदाहरणे घेऊ.

ट्राउट हा मासा मूळचा आपल्या देशातला नव्हे. १९०० च्या सुमारास विलायतेहून आणलेल्या अंड्यांपासून तो काश्मीरच्या थंड प्रवाहांत रुजला. वसंतात तेथील पाण्यातून मे-फ्लायसारखे कीटक पंख फुटून थव्याथव्याने वर येतात. या कीटकाचे पिल्लू महिनोन्महिने पाण्याखाली वाढते. पंख फुटल्यावर मात्र त्याला काही खाताही येत नाही, आणि एक-दोन दिवसांत त्याचे आयुष्य संपते. पाण्याची ऊब, ढग, उजेड यांवर सारे अवलंबून असल्याने ती घटका नेमकी कोणालाच सांगता येत नाही. एरवी सावध असणारा ट्राउट त्या वेळी भान विसरून पृष्ठभागावर येतो. काठावर तासन् तास थांबलेला हौशी गळकरी तेव्हा पिसे व दोरा यांचा, हुबेहूब त्याच कीटकासारखा गळ अलगद पाण्यावर सोडतो.

आपल्या कोकणात पहिला मोठा पाऊस कधी कोसळेल, हेही असेच अनिश्चित. तो कोसळला की ओढ्यांतले मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध भातखाचरांकडे चढू लागतात. रायगड-ठाण्याकडे याला वलगण म्हणतात. रात्रीच लोक बत्त्या व जाळी घेऊन निघतात आणि गाभोळीने भरलेले मासे घरी आणतात.

वरवर पाहता पोटासाठी मासा धरणारा निर्दोष आणि करमणुकीसाठी त्याला फसवणारा दोषी ठरेल. मासा पुन्हा पाण्यात सोडला, तरी त्याच्या जबड्याची जखम राहतेच. पण दुसरी बाजूही पाहावी. काश्मिरात ट्राउटचा हंगाम साधारण एप्रिल ते सप्टेंबर असतो. थंडीत, म्हणजे त्याच्या विणीच्या काळात, गळ बंद. तेथे माशाच्या भुकेचा फायदा घेतला जातो, वंशवृद्धीच्या ओढीचा नाही. वलगणीत मात्र एका माशाबरोबर पुढील वर्षांचे कित्येक मासे जातात. गरज खरी असूनही मर्यादा सुटते.

तेव्हा केवळ हेतूवरून निवाडा पुरा होत नाही. दोन प्रश्न एकत्र विचारावे लागतात: माझी गरज खरी आहे काय? आणि मी घेतल्यावर समोरच्याला पुन्हा उभे राहण्याइतके काही उरते काय?

२०१९ आणि २०२४ साली विश्वामित्रीचे पाणी आपल्या वडोदऱ्यात घरोघरी शिरले. अशा दिवसांत दूध विकणाऱ्याने चार पैसे अधिक मिळवले, तर त्याच्या कष्टाचे मोल म्हणून ते मान्य करता येईल. पण दारात कंबरभर पाणी असलेल्या माणसाची अगतिकता पाहून जो भाव चढवतो, तो गाभोळीचाच मासा धरतो. समोरचा सावध राहू शकत नाही, त्या क्षणी हात आवरता घेणे, हीच मला या दोन शब्दांमधली सीमारेषा वाटते.