शमशोनाला कळलंच नाही

आजचं वाचन: शास्ते 16:15-22
सोबत वाचा: 2 तीमथ्य 1:5-7



शब्बाथ शाळेत शमशोन आपल्या सगळ्यांचाच हीरो होता. नुसत्या हातांनी सिंह फाडणारा, गाढवाच्या जाभाडाने हजार पलिष्ट्यांना लोळवणारा. त्याच्या गोष्टीतलं सगळ्यात भीतीदायक वाक्य मात्र तेव्हा आम्हाला कुणी दाखवलं नाही. ते सोळाव्या अध्यायाच्या विसाव्या वचनात आहे. केस कापून झालेत, दलीला ओरडते की पलिष्टी आले, आणि हा झोपेतून उठून मनाशी म्हणतो की नेहमीसारखाच बाहेर पडेन, अंग झटकेन नि सुटेन. परमेश्वर आपल्याला सोडून गेलाय, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

ठाऊकच नव्हतं! केस गेले, शक्ती गेली, आणि पठ्ठ्या अजून 'नेहमीसारखंच' म्हणतोय.

हे वचन मी बऱ्याचदा वाचलं होतं. पण काही महिन्यांपूर्वी एका सोमवारी सकाळी ते वाचून मी बायबल मिटलं आणि चहा तसाच थंड होऊ दिला. का, ते आज सांगतो. ही काही अभिमानाने सांगायची साक्ष नाही.

मला लहानपणापासून गोष्टी पटकन समजतात. इंजिनिअरिंगला आदल्या रात्री अभ्यास करून पेपर दिले आणि चांगले मार्क मिळवले. चर्चमध्ये कीबोर्ड वाजवतो तो कानाने, नोटेशन कधी शिकलो नाही. कामावरही तेच. कुणाला दोन दिवस न सापडलेला बग मला अर्ध्या तासात दिसतो. टीममध्ये म्हणायचे, "त्याला दे, तो बघेल." हे ऐकायला फार गोड वाटतं, मित्रांनो. इतकं गोड की हळूहळू मी टेस्ट लिहिणं सोडलं. दुसऱ्यांचा कोड रिव्ह्यूला आला की वरवर नजर टाकून ॲप्रूव्ह करायचो. नियम बाकीच्यांसाठी, मला काय गरज?

मग एका शुक्रवारी संध्याकाळी रिलीझ होतं. त्यात मी शेवटच्या घटकेला दोन ओळींचा बदल घातला. स्टेजिंगवर चालवूनही पाहिला नाही. शनिवारी सकाळी फोन आला की कूपन लावलं की बिलाची रक्कम चुकतेय. सगळे कॉलवर. त्याच रिलीझमध्ये आमच्या टीममधल्या एका मुलीचाही बदल होता. कूपनचंच काम, आणि तिला लागून जेमतेम सहा महिने झालेले. लीड म्हणाले, "हे हिच्या बदलामुळे दिसतंय." ती काहीच बोलली नाही.

मी कोड उघडून बसलो होतो. दहा मिनिटांत कळलं की चूक माझ्या दोन ओळींत आहे. मी म्हणालो, "आधी अख्खं रिलीझ मागे घेऊ या." वीस मिनिटांत सगळं सुरळीत झालं. ग्रुपवर माझं कौतुक झालं. घटनेचा अहवाल लिहायचं कामही माझ्याकडेच आलं. त्यात मी लिहिलं, 'कूपन मॉड्यूलमधील बदलांमुळे अडचण आली.' वाक्य खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं. गिट ब्लेम नावाची एक कमांड असते, कोणती ओळ कुणी लिहिली ते ती नावासकट दाखवते. ती कुणी चालवली नाही. माझ्यावर विश्वास होता ना सगळ्यांचा.

रविवारी मी उपासनेत कीबोर्ड वाजवला. छान वाजला. बाहेर पडताना एक आजी हात धरून म्हणाल्या, "बाळा, आज फार आशीर्वाद मिळाला."

आणि सोमवारी सकाळी शास्ते, सोळावा अध्याय.

मला आत टोचलं ते हे: माझं सगळं 'नेहमीसारखंच' चाललं होतं. बग दहा मिनिटांत सापडला, बोटं नेहमीसारखी फिरली, आशीर्वादही लोकांना मिळाला. दान कुठेच कमी पडलं नव्हतं. कमी पडला होतो तो मी.

आता शमशोनाकडे परत जाऊ. आपल्याला वाटतं की तो पडला दलीलेच्या मांडीवर, त्या एका रात्री. पण तेराव्या अध्यायापासून सावकाश वाचून बघा. जन्माआधीच तो नाजीर म्हणून देवाला वाहिलेला होता. नाजीर माणसाला काय काय पाळायचं असतं ते गणना 6 मध्ये आहे. द्राक्षारस नाही, मढ्याला शिवायचं नाही, डोक्याला वस्तरा लावायचा नाही. आणि हा काय करतो? चौदाव्या अध्यायात मेलेल्या सिंहाच्या सांगाड्यातून मध काढून खातो. आईबापांनाही देतो, पण तो कुठून आणला ते त्यांना सांगत नाही. (हे वाचताना मला माझा अहवाल आठवला.) लगेच पुढे तिम्नामध्ये मेजवानी घालतो. द्राक्षांच्या मळ्यांचं ते गाव, तिथल्या मेजवानीत पेल्यात काय असेल ते सांगायला नको. म्हणजे वस्तरा लागण्याच्या कितीतरी आधी बाकीच्या गोष्टी त्याने हलक्यात घ्यायला सुरुवात केली होती. राहिले होते फक्त केस. बाहेरून दिसणारं तेवढंच शिल्लक होतं.

आणि आता सोळाव्या अध्यायाची पहिली तीन वचनं वाचा. शमशोन गज्जात एका वेश्येकडे जातो. शत्रू वेशीवर टपून बसतात. मध्यरात्री हा उठतो, वेशीचे दरवाजे खांबांसकट, अडसरासकट उपटतो, खांद्यावर टाकतो आणि हेब्रोनासमोरच्या डोंगरावर नेऊन ठेवतो. कुठून उठून आला होता तो? आणि तरी शक्ती जशीच्या तशी!

आपण इथेच फसतो. आपल्याला वाटतं, देवाला माझं वागणं मान्य नसतं तर त्याने माझी शक्ती काढून घेतली असती ना? काम होतंय, गाणं जमतंय, प्रमोशन मिळतंय, म्हणजे वर सगळं ठीक असणार. पण वचन तसं म्हणत नाही. पाप करूनही दान चालू राहतं तेव्हा ती देवाची सहनशीलता असते. आपण तिला देवाची शाबासकी समजतो. रोमकरांस पत्रात पौल विचारतो की देवाची ममता तुला पश्चात्तापाकडे नेण्यासाठी आहे हे तुला समजत नाही का (रोम 2:4). मला त्या शनिवारी दहा मिनिटांत चूक दिसली, ती कबूल करता यावी म्हणून. मी तीच हुशारी चूक झाकायला वापरली.

म्हणून मित्रांनो, स्वतःची तब्येत तपासायला प्रतिभा हे चुकीचं मोजमाप आहे. सिस्टिम वर दिसत असते, डॅशबोर्ड हिरवा असतो, आणि आत डिस्क भरत आलेली असते. ज्या दिवशी कोसळते त्या दिवशी बिघडलेली नसते ती. खूप आधी बिघडलेली असते.

मग करायचं काय? दान जन्मजात आहे, ते माझ्या हातात नाही. माझ्या हातात काय आहे?

पौल तीमथ्याला लिहितो की देवाचं जे कृपादान तुझ्यात आहे ते पुन्हा प्रज्वलित कर (2 तीमथ्य 1:6). ही आज्ञा तीमथ्याला आहे. दान देवाने दिलं, पण फुंकर त्याला घालायची आहे. नगरला माझ्या आजीच्या घरी चूल होती. रात्री ती निखाऱ्यावर राख लोटून ठेवायची. सकाळी राख बाजूला सारायची, काटक्या ठेवायची आणि फुंकणी घेऊन बसायची. डोळ्यांत धूर जायचा, खोकला यायचा, पण फुंकल्याशिवाय चहा व्हायचा नाही. निखारा असतो म्हणून काही जाळ आपोआप होत नाही. सराव, अभ्यास, टेस्ट लिहिणं, दुसऱ्याचा कोड नीट वाचणं, गाण्याच्या तालमीला वेळेवर पोहोचणं ही सगळी फुंकणीची कामं आहेत. त्यात ग्लॅमर नाही, धूर आहे.

पुढचंच वचन बघा. देवाने आपल्याला भित्रेपणाचा आत्मा दिलेला नाही, असं म्हणून पौल तीन गोष्टी सांगतो: सामर्थ्य, प्रीती आणि संयम. शमशोनाकडे पहिली गोष्ट भरपूर होती, पण संयम राहून गेला, आणि प्रीतीच्या नावाखाली तो स्वतःला हवं ते घेत राहिला. आणि माझ्याकडे? शनिवारच्या त्या कॉलवर समोरच्या मुलीबद्दल थोडी जरी प्रीती असती, तरी मी एक वाक्य बोललो असतो. ते बोलायला धैर्यही लागलं असतं. म्हणजे मी भित्राही होतो. हुशार आणि भित्रा.

तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की काय होतं, याचं उदाहरण आपल्या पुण्याजवळच आहे. दौंडच्या वाटेवर केडगाव लागतं, तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. रमाबाईंना भाषेचं दान असं होतं की 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. तेव्हा त्या विशीतल्या होत्या. एवढ्यावर आयुष्यभर व्याख्यानं देत, सत्कार घेत फिरता आलं असतं. त्यांनी काय केलं? दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुली घरी आणल्या, त्यांना खाऊ घातलं, शिकवलं. आणि बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणायचं म्हणून प्रौढ वयात हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतलं. साधारण अठरा वर्षं तो अनुवाद चालला, शेकडो मुलींचा संसार सांभाळून. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच मुलींच्या हातांनी. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. एप्रिल 1922 मध्ये रमाबाई वारल्या, तोवर अनुवाद हातावेगळा झाला होता.

विसाव्या वर्षी मिळालेली पदवी ही त्यांच्या बुद्धीची पावती होती. ती अठरा वर्षं त्यांच्या चारित्र्याची.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नाहीतर गैरसमज होईल. कष्ट करून देवाची कृपा विकत घेता येत नाही. आपलं तारण झालं ते ख्रिस्ताने वधस्तंभावर जे केलं त्यामुळे, आपल्या टाइमशीटमुळे नाही. पण पौल म्हणतो की मी जो काही आहे तो कृपेमुळे, आणि त्याच दमात म्हणतो की मी सगळ्यांपेक्षा जास्त श्रम केले, तरी तेही माझ्याबरोबर असलेल्या कृपेनेच (1 करिंथ 15:10). कृपा मिळाली म्हणून तो हात बांधून बसला नाही, कामाला लागला.

तर त्या सोमवारी मी काय केलं? स्टँडअपमध्ये सांगितलं. आवाज थरथरत होता. "शनिवारची चूक माझी होती. मला तेव्हाच कळलं होतं. अहवालही मी मुद्दाम मोघम लिहिला." कॉलवर सगळे गप्प. लीडनी नंतर वेगळं बोलावून घेतलं आणि तीन महिने रिलीझ ॲप्रूव्ह करायचा माझा अधिकार काढून घेतला. बरोबरच केलं त्यांनी. अहवाल मी नव्याने लिहिला.

दुपारी मी त्या मुलीकडे जाऊन माफी मागितली. ती म्हणाली, "दादा, शनिवारी मी रात्रभर माझाच कोड वाचत बसले होते. चूक काही सापडेना. मला वाटलं, हे क्षेत्र आपल्यासाठी नाहीच."

जी चूक तिची नव्हती ती तिला सापडणार कशी? मी गप्प बसलो त्याची किंमत एका रात्रीत तिने मोजली. माझ्यातल्या दानाने दहा मिनिटांत सर्व्हर वाचवला, आणि माझ्यातल्या खोटेपणाने एका मुलीचं दान जवळजवळ राखेखाली घातलं. 'चारित्र्य' हा शब्द मला तोपर्यंत प्रवचनातला वाटायचा. तो समोरच्या माणसाच्या झोपेशी जोडलेला असतो, हे त्या दिवशी कळलं.

आता आम्ही दोघं आठवड्यातून एकदा एकमेकांचा कोड ओळ न् ओळ वाचतो. माझ्या चुका ती काढते. पुष्कळ निघतात!

जाता जाता बावीसावं वचन पाहा. शमशोनाचे डोळे काढलेत, पायांत पितळी बेड्या आहेत, तुरुंगात तो दळण दळतोय. आणि तिथे लेखक हळूच एक वाक्य टाकतो: त्याचे केस पुन्हा वाढू लागले. पलिष्ट्यांचं त्याकडे लक्षही गेलं नाही. ज्याला आपण संपलो असं वाटतं, त्याच्या बाबतीतही देव संपलेला नसतो. इब्री 11 मधल्या विश्वासू लोकांच्या यादीत शमशोनाचं नाव आहे, हे मला दरवेळी नव्याने आश्चर्याचं वाटतं. पण केस एका रात्रीत वाढत नाहीत. रोज थोडे थोडे वाढतात.

आज मननासाठी:

माझी कुठली गोष्ट 'नेहमीसारखी' चालली आहे म्हणून मी आतलं तपासायचं टाळतोय?

माझ्या गप्प बसण्यामुळे सध्या कोण रात्रभर जागं आहे?

माझ्या दानावर आज मी कोणती एक फुंकर घालणार?

प्रार्थना: हे प्रभू येशू, तू दिलेल्या दानांबद्दल तुझे आभार. त्यांच्या आड मी लपलो, मला क्षमा कर. तू मला सोडून गेलास आणि मला कळलंच नाही, असं कधी होऊ देऊ नकोस. मला सामर्थ्य दे, पण प्रीती आणि संयमाशिवाय देऊ नकोस. कष्टाचा कंटाळा येईल तेव्हा तू नासरेथात केलेलं सुतारकाम मला आठवू दे. तुझ्याच नावाने मागतो, आमेन.

उद्या भेटू. आज एखाद्याला खरं सांगायचं राहिलं असेल, तर आधी ते सांगा.